पावसात टिकणारं सॅटेलाइट इंटरनेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर-देवरूखच्या आतल्या गावांत डिश बसवायची आणि दुरुस्त करायची कामं करतो. आधी टीव्हीच्या छत्र्या, मग पतसंस्था, शाळा आणि दवाखान्यांच्या व्हीसॅट जोडण्या, म्हणजे छोट्या डिशने थेट उपग्रहाशी दोन्ही बाजूंनी जोडलेलं नेट. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत फोन थांबत नाही, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. माझं ठाम मत आधीच सांगतो. पावसाने गेलेलं नेट दहा-वीस मिनिटांत परत येतं. दिवसेंदिवस बंद राहतं ते पावसाच्या नावावर खपणाऱ्या दुसऱ्या कारणांनी, आणि त्यातली बरीचशी कारणं आपल्याला दूर करता येतात.

पाऊस आला की सॅटेलाइटचं नेट जातं, ते नेमकं कशामुळे?

टीव्हीची छत्री ज्या कारणाने जाते त्याच कारणाने. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात आणि इकडेतिकडे विखुरतात. लहर जितकी आखूड तितका थेंबांचा त्रास जास्त. टीव्ही आणि बरेचसे व्हीसॅट केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात चालतात. तिथे १२ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी अडीच सेंटीमीटर भरते. केए बँड हा त्याहून आखूड लहरींचा पट्टा, त्यात खाली येणारी लहर साधारण दीड सेंटीमीटरची, तर वर जाणारी जेमतेम एक सेंटीमीटरची असते. मोठ्या सरीतला थेंब पाच मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे तो या लहरींच्या मापाच्या जवळ येतो.

ताशी ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल, तर एक किलोमीटर पावसातून जाताना १२ गिगाहर्ट्झला सुमारे २ डेसिबल, २० गिगाहर्ट्झला साडेचार आणि ३० गिगाहर्ट्झला ८ डेसिबल सिग्नल जातो. ३ डेसिबल म्हणजे ताकद निम्मी, १० डेसिबल म्हणजे एक दशांश. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. एवढ्या प्रवासात पावसाचं नुकसान होतं ते फक्त जमिनीलगतच्या पाचेक किलोमीटरांत.

आधी अपलोड जातं, याचं कारणही हेच. वर जाणारी लहर आखूड असते. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस तुम्हाला दिसतो पण त्याला तुम्ही गोठलेले दिसता, तेव्हा समजावं की सर जोर धरते आहे.

मग आषाढात दिवसभर झड लागली तर दिवसभर नेट बंद राहणार का?

नाही. याबाबतीत बहुतेकांचा अंदाज चुकतो. सिग्नलला फरक पडतो तो ताशी किती पाऊस पडतो त्याने. दिवसभरात एकूण किती पडला याला तेवढं महत्त्व नाही. आषाढातली संततधार दिवसाला १०० मिलिमीटर देईल, पण चोवीस तासांत वाटली तर ती ताशी चारच मिलिमीटर होते. तेवढ्याने केयू बँडची नीट बसवलेली जोडणी हलतही नाही. वेग थोडा कमी होईल इतकंच.

खरा घात करतो मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. दुपारपर्यंत कडक ऊन, चारला भरून येतं, आणि पंधरा मिनिटांत अंगण भरून जातं. त्या ढगांची उंची जास्त, थेंब टपोरे आणि जोर प्रचंड. माझ्याकडच्या नोंदींत पावसामुळे पूर्ण तुटलेल्या जोडण्या जुलैपेक्षा ऑक्टोबरमध्ये जास्त आहेत, जरी जुलैचा पाऊस कितीतरी पट असला तरी.

कोकणात इतका पाऊस, मग इथे सॅटेलाइट घ्यावंच कशाला?

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात आणि आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही. इस्रोचा जीसॅट-११ हा ७४ अंश पूर्वेला आहे, म्हणजे जवळजवळ आपल्याच रेखांशावर. रत्नागिरीतून तो क्षितिजापासून सुमारे ७० अंशांवर दिसतो. डिशची नजर जवळजवळ डोक्यावर असते, त्यामुळे सिग्नलला पावसातून जेमतेम सव्वापाच किलोमीटर यावं लागतं. हाच उपग्रह ३० अंशांवर असता तर तेच अंतर दहा किलोमीटर झालं असतं.

म्हणून कंपनीकडे एकाहून जास्त उपग्रहांचा पर्याय असेल, तर आपल्या गावातून आकाशात जो सर्वांत वर दिसतो तो मागा. हा प्रश्न विचारला की समोरच्या विक्री प्रतिनिधीला बहुतेक वेळा आतून तांत्रिक माणूस बोलवावा लागतो, आणि पुढचं बोलणं त्याच्याशीच झालेलं बरं.

ढग, धुकं, वारा, वीज यांचं काय?

नुसत्या ढगांनी किंवा धुक्याने केयू बँडला जाणवण्याइतका फरक पडत नाही. वीज चमकली म्हणून सिग्नल तुटत नाही, पण उपकरणं मात्र जळू शकतात. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. वाऱ्याचा सिग्नलवर परिणाम शून्य, डिशवर मात्र भरपूर.

पाऊस थांबून चार तास झाले, तरी नेट येत नाही. असं का?

हा प्रश्न आला की मी पावसाचा विचार सोडून देतो. पाऊस दोषी असता तर उघडीप मिळताच नेट आलं असतं. मग मी तीन ठिकाणी बघतो : कनेक्टर, खांब आणि लाईट.

एका खोऱ्यातल्या माध्यमिक शाळेची जोडणी सलग दोन पावसाळे रोज संध्याकाळी जायची. कंपनीचा माणूस फोनवर दर वेळी सांगायचा, 'पाऊस आहे सर, थांबा.' मी गेलो तेव्हा लख्ख ऊन होतं आणि तरीही सिग्नलचा आकडा वर चढत नव्हता. डिशच्या मागचा केबलचा कनेक्टर फिरवून काढला, तर आतून पाण्याचे दोन थेंब माझ्या तळहातावर पडले. मधली तांब्याची तार हिरवीगार झाली होती. त्यावर गुंडाळलेली काळी टेप उन्हाने वाळून निसटली होती, आणि केबल वरून थेट कनेक्टरमध्ये उतरत असल्यामुळे पागोळीचं पाणी तारेवरून ओघळत सरळ आत जात होतं. नवा कनेक्टर, दोन फूट केबल, आणि टेप. अर्ध्या तासाचं काम. मुलांच्या दोन वर्षांच्या तासिका मात्र गेल्या.

तेव्हा कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथल्या तिथे गळून पडेल. जोडावर साधी इन्सुलेशन टेप लावू नका. ओढून गुंडाळली की स्वतःतच वितळल्यासारखी चिकटून एकजीव होते ती रबरी टेप मिळते, ती वापरा आणि खालून वर गुंडाळत जा, कौलं लावतात तशी, म्हणजे वरचा थर खालच्यावर येईल. समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांनी दर वर्षी कनेक्टर बदलावा. खाऱ्या हवेत तो दोन पावसाळे काढत नाही.

खांबाचं गणित असं. १.२ मीटरची डिश केयू बँडवर आकाशाचा जेमतेम दीड अंशाचा तुकडा बघते. तिचा काठ एक सेंटीमीटर हलला की नजर सुमारे एक अंशाने चुकते, आणि तेवढ्याने पाऊण भागाच्या आसपास सिग्नल जातो. एक सेंटीमीटर डोळ्यांना दिसतही नाही. कोरड्या दिवसात उरलेल्या सिग्नलवर काम कसंबसं चालतं, पहिली जोराची सर आली की बंद, आणि आळ येतो पावसावर. चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेले खिळे-रावळ वाऱ्यात सैल होतातच. चिरा मऊ असतो, भोक मोठं होत जातं. शक्य असेल तिथे जमिनीत काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात जाड जी.आय. पाइप उभा करा, किंवा स्लॅबवर बेस प्लेट बसवा. पाइप एकदम उभा आहे ना, ते पाणसळीने तपासा. पत्र्याच्या शेडवर डिश बसवू नका. पत्रा वाऱ्यात थरथरतो आणि डिश त्याच्याबरोबर.

आणि एक विनंती : भर पावसात छपरावर चढू नका. शिवाय व्हीसॅटची डिश सिग्नल सोडतही असते. ती चालू असताना पुढच्या दांड्यावरच्या फीडसमोर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या-सोडणाऱ्या तोंडासमोर, हात किंवा डोकं नेऊ नका. आधी मॉडेम बंद करा.

डिशवर प्लास्टिक किंवा छप्पर घातलं तर चालेल का?

घर शाकारतो तशी डिशही शाकारावी असं वाटणं साहजिक आहे. पण प्लास्टिक किंवा ताडपत्री डिशला बिलगली की तिच्यावर पाण्याचा थर साचतो, आणि तो थर उघड्या डिशवरच्या थेंबांपेक्षा जास्त सिग्नल खातो. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तर सिग्नल पूर्णच अडवतो. डिश पावसासाठीच बनवलेली असते, तिला भिजू द्या.

काळजी घ्यायची ती फीडच्या तोंडावरच्या छोट्या प्लास्टिकच्या झाकणाची. त्यावर धूळ आणि शेवाळ धरलं की पाणी ओघळून न जाता पसरून बसतं. मे महिन्यात ते ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्या, घासणी लावू नका. झाकणाला चीर गेली असेल तर ते बदला. आत पाणी शिरलं की पुढचा पूर्ण भागच जातो आणि खर्च हजारांत होतो.

नारळ-फणसाची झाडं आड येतात. पावसात जास्त त्रास होतो का?

होतो. कोरडं पान थोडा सिग्नल अडवतं, ओलं पान खूपच जास्त, कारण पानावरचं पाणीच सिग्नल शोषतं. उन्हाळ्यात फांदीच्या फटीतून चालणारी जोडणी पावसाळ्यात नवी पालवी आणि पाणी एकत्र आलं की बंद पडते. डिश बसवताना पुढच्या तीन-चार वर्षांत झाड किती वाढेल ते मनात धरा.

खालच्या कक्षेतल्या, म्हणजे पृथ्वीच्या बऱ्याच जवळून फिरणाऱ्या उपग्रहांच्या, स्टारलिंकसारख्या सेवेसाठी हा मुद्दा आणखी अवघड आहे. भूस्थिर डिशला आकाशातली एकच खिडकी पुरते. स्टारलिंकच्या नेहमीच्या पॅनलला सुमारे ११० अंशांचं मोकळं आकाश लागतं, कारण उपग्रह सतत सरकत असतात. माडांच्या बागेतल्या घरात भूस्थिर जोडणी नीट चालेल, आणि स्टारलिंकसाठी मात्र छपराच्याही वर खांब उभा करावा लागेल. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशाकडे फिरवून अडथळे बघायची सोय आहे. ती पैसे भरण्याआधी वापरा.

मोठी डिश घेतली तर फरक पडतो का?

भूस्थिर जोडणीत नक्की पडतो. ७५ सेंटीमीटरच्या जागी १.२ मीटरची डिश घेतली तर सुमारे ४ डेसिबलची शिल्लक हातात येते, आणि कोकणातल्या मध्यम सरी त्यात निभावतात. मात्र डिश आणि तिच्यामागचा प्रक्षेपणाचा भाग कंपनीच्या मंजुरीनेच बदलता येतो. मोठी डिश वारा जास्त झेलते, म्हणून खांबही जाड हवा. सपाट पॅनलवाल्या सेवांमध्ये हा पर्याय नसतो.

पावसात लाईटच जाते. नेट कसं टिकवायचं?

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त 'पावसाने गेलेलं नेट' म्हणजे गेलेली लाईट असते. घरातला १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरचा इन्व्हर्टर कागदावर १,८०० वॉट-तास देतो. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टर स्वतःही काही खातो, म्हणून त्यातले हजार-अकराशेच धरा. स्टारलिंकचा नेहमीचा संच ७५ ते १०० वॉट घेतो, तेव्हा तो त्यावर दहा ते चौदा तास चालेल, जर पंखे आणि फ्रिज त्याच बॅटरीवर नसतील तर. छोटा मिनी संच २५ ते ४० वॉटवर भागवतो. सतत लाईट जाणाऱ्या गावात हा फरक वेगापेक्षा महत्त्वाचा आहे.

लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर वीज तुटते आणि मॉडेम नव्याने सुरू होतो. उपग्रह पुन्हा धरायला त्याला काही मिनिटं लागतात. दिवसात दहा वेळा लाईट गेली की दहा वेळा तेवढी मिनिटं जातात. इन्व्हर्टरवर यूपीएसचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नसेल तर मॉडेमपुरता छोटा यूपीएस लावा. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तिथे स्टॅबिलायझरही हवा.

विजेपासून उपकरणं कशी वाचवायची?

डिशचा खांब जाड तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगला जोडा, आणि केबल घरात शिरते तिथे अर्थिंगचा ब्लॉक बसवा. वेगळी, घराच्या अर्थिंगशी न जोडलेली सळई ठोकू नका. दोन अर्थिंगमधल्या फरकानेच मॉडेम जळतात. कडकडाट जवळ आला की लाईटचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे अ‍ॅप आसपास वीज पडत असल्याची सूचना देतं. ते फोनमध्ये असावंच, आणि ते मॉडेमआधी माणसांसाठी.

खालच्या कक्षेतले उपग्रह पावसात जास्त चांगले चालतात का?

काही बाबतींत हो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत, वनवेब या दुसऱ्या कंपनीचे १,२०० किलोमीटरवर. लहर पावसात सारखीच शोषली जाते, त्या बाबतीत उंचीने काही वाचत नाही. फायदा वेगळा आहे. जोराच्या सरीचा गाभा बहुतेक वेळा काही किलोमीटरच रुंद असतो. भूस्थिर डिश एकाच दिशेला बघते, सर नेमकी त्या वाटेवर आली की पर्याय उरत नाही. खालच्या कक्षेत काही सेकंदांनी उपग्रह बदलत राहतो, आणि एखादा सरीच्या बाजूने दिसत असेल तर जोडणी टिकते. तोटाही आहे. जो उपग्रह आकाशात खाली असतो, त्याच्याकडे जाणारी वाट पावसातून लांबलचक जाते.

दुसरा फरक प्रतिसादाचा. भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन उत्तर परत यायला प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद लागतो, प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंदांच्या आसपास. बोलताना दोघं एकमेकांच्या वाक्यावर चढतात. खालच्या कक्षेत हाच आकडा ५०च्या आसपास किंवा खाली येतो. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं असेल, मुलाची ऑनलाइन मुलाखत असेल, तर हे जाणवतं. पतसंस्थेचे व्यवहार, हजेरी, ईमेल, हवामान केंद्राची नोंद यांना भूस्थिर जोडणी पुरते.

आमच्या घरावर पाऊस नाही, तरी नेट गेलं. हे कसं?

उपग्रह हा मधला दुवा आहे. दुसऱ्या टोकाला कंपनीचं जमिनीवरचं केंद्र असतं आणि पाऊस तिथेही पडतो. जीसॅट-११ वर ग्राहकाकडचा भाग केयू बँडमध्ये आहे, केंद्राकडचा केए बँडमध्ये. स्टारलिंकचीही मांडणी अशीच आहे. म्हणजे जास्त नाजूक बँड केंद्राकडे. म्हणून चांगल्या कंपन्या एकमेकांपासून लांब दोन केंद्रं ठेवतात आणि एका ठिकाणी ढगफुटी झाली तर दुसरीकडे वळवतात.

भारतात सध्या कोणत्या कंपन्या आहेत?

भूस्थिर सेवेत ह्यूज कम्युनिकेशन्स इंडिया, जी २०२२ पासून एअरटेलबरोबरची संयुक्त कंपनी आहे, आणि टाटा समूहाची नवी मुंबईतली नेल्को ही ठळक नावं. ह्यूजने सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वर जास्त क्षमतेची सेवा सुरू केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलेला जीसॅट-एन२ हा केए बँडचा, सेकंदाला ४८ गिगाबिट क्षमतेचा उपग्रह आहे. क्षमता मोठी, पण केए बँड म्हणजे पावसाचा हिशोब कडक. त्यावरची जोडणी कोकणात घेताना पावसाळ्यातल्या उपलब्धतेबद्दल लेखी विचारा.

खालच्या कक्षेत युटेलसॅट वनवेबला २०२१ मध्येच परवाना मिळाला. तिचे ७२ उपग्रह इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये वर गेले. तिचा भर संस्था, सरकार आणि कंपन्यांवर आहे, घरगुती ग्राहकांवर नाही. जिओ आणि लक्झेंबर्गची उपग्रह कंपनी एसईएस यांची संयुक्त कंपनी मधल्या, सुमारे ८,००० किलोमीटरच्या कक्षेवर अवलंबून आहे. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची मंजुरी जुलैमध्ये मिळाली. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने तिच्याबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांचा विशेष उल्लेख आहे. परवाना मिळणं, स्पेक्ट्रम मिळणं, सुरक्षेची मंजुरी आणि तुमच्या गावात फिटर पोहोचणं हे चार वेगळे टप्पे आहेत. पैसे भरायचे ते चौथ्यावर.

परदेशातून नातेवाइकांनी स्टारलिंकचा संच आणून दिला तर?

नको. भारतात मंजुरी नसलेला सॅटेलाइट संच आणणं आणि चालवणं बेकायदा आहे. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांना बर्फाचा त्रास होतो, त्यांनी काय करावं?

कोरडा, भुसभुशीत बर्फ सिग्नलला फारसा अडवत नाही. वितळू लागलेला, पाण्याने भरलेला बर्फ मात्र डिशवर थर करून बसतो. स्टारलिंकच्या संचात बर्फ वितळवण्यासाठी तापायची सोय असते. थंडीत वीज जास्त लागते ती त्यामुळे. साध्या डिशवरचा बर्फ मऊ ब्रशने काढा, गरम पाणी ओतू नका.

कंपन्यांची तुलना कोणत्या आकड्यावर करावी?

वेगावर तर अजिबात नको. जाहिरातीतला वेग निरभ्र आकाशातला असतो. आधुनिक मॉडेम पाऊस आला की मुद्दाम संथ पण मजबूत पद्धतीवर उतरतो, म्हणजे जोडणी तुटण्याऐवजी वेग घटतो. हे चांगलं आहे. तेव्हा विचारायचं ते असं : सर्वांत वाईट वेळी, तुटण्याआधी, किमान वेग किती राहतो?

मग उपलब्धता. ९९.५ टक्के ऐकायला छान वाटतं. वर्षाच्या ८,७६० तासांतले अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. हे ४४ तास वर्षभर सारखे पसरत नाहीत, आपल्याकडे ते जवळपास सगळे पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे येतात. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. या दोन आकड्यांतला फरक पतसंस्थेच्या काउंटरवर रांगेत उभ्या माणसाला कळतो. आणि करारात बारीक अक्षरांत 'हवामानामुळे झालेला खंड धरला जाणार नाही' असं वाक्य आहे का ते बघा. असेल तर तो टक्का आपल्या भागात कामाचा नाही.

त्यानंतरचा प्रश्न मी सर्वांत मोलाचा मानतो : डिशचा बाहेरचा भाग जळला तर नवा कुठून येतो? मुंबईहून येत असेल आणि घाटात दरड कोसळली असेल, तर कागदावरचे ४८ तास आठवड्यावर जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी सुटे भाग ठेवणारी, स्थानिक फिटर असणारी कंपनी थोडी महाग असली तरी घ्या. बँड कोणता, केंद्रं किती, महिन्याच्या डेटाची मर्यादा ओलांडल्यावर वेग किती उरतो, आणि उपकरण तुमचं की भाड्याचं, हेही लेखी मागा.

सॅटेलाइट असताना मोबाइलचं नेटही ठेवावं का?

हो, आणि दोन्हीकडे आपोआप वळणारा राउटर घ्या. त्यात सिम घालता येतं. दोन जोडण्या वेगवेगळ्या कारणांनी पडणाऱ्या हव्यात, म्हणजे त्या एकाच वेळी पडत नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइलचे टॉवर कित्येक दिवस बंद होते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्येही तेच. तारा आणि टॉवर अशा वेळी दिवसेंदिवस जातात. सॅटेलाइट सरीपुरतं जातं आणि डिश जागेवर राहून बॅटरीत जीव असेल तर परत येतं. उलट, परतीच्या पावसातल्या त्या वीस मिनिटांत मोबाइल साथ देतो. दोन्ही आपापल्या वेळी उपयोगी पडतात.

लख्ख उन्हात, रोज ठरावीक वेळी काही मिनिटं नेट जातं. डिश बिघडली का?

तारीख बघा. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य भूस्थिर उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. आपल्या रेखांशाजवळच्या उपग्रहासाठी ही वेळ दुपारी साडेबारा ते पाऊणच्या सुमाराची. काही दिवसांत आपोआप थांबतं. काहीही फिरवू नका.

तक्रार केली की 'पाऊस आहे' एवढंच उत्तर मिळतं. काय करू?

वही ठेवा. खरंच, शंभर पानी वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन, मॉडेमच्या शेजारी. कोरड्या, निरभ्र दिवशी मॉडेमच्या पानावरचा सिग्नलचा आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. त्यानंतर नेट गेलं की पाच गोष्टी : वेळ, पाऊस कसा (नाही, झिमझिम, जोराचा), लाईट होती का, मॉडेमवरचे कोणते दिवे विझले, आणि किती वाजता परत आलं.

महिनाभरात चित्र दिसायला लागतं. जोराच्या सरीत पंधरा मिनिटं गेलं आणि आलं, तर तो पाऊस. निरभ्र दिवशीचा आकडाच जूनपासून हळूहळू उतरत असेल, तर कनेक्टरमध्ये पाणी आहे. वादळाच्या एका रात्रीनंतर आकडा एकदम पडून तिथेच राहिला असेल, तर डिश हलली आहे. दर वेळी लाईट गेल्याबरोबर जात असेल, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, इलेक्ट्रिशियनला करा. त्या शाळेच्या शिपाईकाकांनी नंतर अशी वही ठेवली. पुढच्या जुलैत त्यांनी कंपनीला फोन लावला तेव्हा त्यांच्यासमोर सतरा नोंदी होत्या, त्यातल्या अकरा पाऊस नसतानाच्या. माणूस तिसऱ्या दिवशी आला, आणि येताना नवं फीड घेऊनच आला.